निळी कॅसेट

काकांच्या कुठल्याही कॅसेटच्या सुरुवातीला आधी एक पांढरा पंचा दिसतो. टीव्हीभर नुसता पंचा. मग तो हलतो, बाजूला होतो आणि मागे ताटकळत उभं असलेलं माणूस दिसू लागतं. नवरी असो, बारशाचं बाळ असो की सत्काराला बसलेले माजी सरपंच असोत, पंच्यातून कुणाचीही सुटका नव्हती. याला काका 'रंग लावून घेणे' म्हणत. कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं, मग बाकीचे रंग त्याला आपोआप कळतात, हे त्यांनी कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पुस्तकातल्या चित्रांवरून शोधून काढलं होतं. चित्रांवरून अशासाठी, की पुस्तक जपानी भाषेत होतं. कॅमेरा त्यांच्या मेहुण्याने मस्कतहून आणला होता. मस्कतहून जपानी पुस्तक का आलं, हे काकांनी मेहुण्याला कधी विचारलं नाही. कुणी आपणहून आणलेल्या वस्तूत खोट काढू नये, असं त्यांचं मत होतं.

वसईजवळच्या पापडीला त्यांची वाडी होती. केळी, पानवेली, कुंपणाला सोनचाफा, मध्ये विहीर आणि विहिरीवर पंप. वाडी सांभाळून उरलेला वेळ आपण शूटिंगला देतो, असं काका सांगत. शूटिंग सांभाळून उरलेला वेळ ते वाडीला देतात, असं काकी सांगत. हा त्यांचा धंदा नव्हता. कुणाच्या घरी कार्य निघालं की ते खांद्यावर कॅमेरा टाकून हजर व्हायचे, बोलावलं असो वा नसो. कॅमेरा जुन्या पद्धतीचा, आख्खी मोठी कॅसेट पोटात घेणारा. तो खांद्यावर घेतला की काका उजवीकडे कलत, त्यामुळे त्यांच्या चित्रणात सगळं पापडी गाव समुद्राच्या दिशेने थोडं उतरतं दिसायचं. गावाला त्याची सवय झाली होती.

मी तेव्हा विरारला फुलपाड्यात राहायचो. मुंबईत नोकरी, विरारला घर आणि मध्ये उरलेल्या आयुष्यात काहीतरी कला असावी, म्हणून मी एक लहान कॅमेरा घेतला होता. तो टीव्हीला जोडायची वायर हरवली. वसईतल्या एका फोटो स्टुडिओवाल्याने सांगितलं, "असली वायर फक्त एकाच माणसाकडे मिळेल, पण तिथे जाऊ नका. परत येता येणार नाही." मी वायर आणायला गेलो आणि पुढची दहाएक वर्षं दर रविवारी जात राहिलो. काकांच्या ओटीवर एका दोरीला लांबीप्रमाणे वायरी लटकवलेल्या होत्या, वाळत घातल्यासारख्या. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. माझी वायर त्यांनी काढून दिली आणि विचारलं, "कोणाचं काय शूट करता?"

मी म्हटलं, "असंच. झाडं, सूर्यास्त."

"म्हणजे कोणाचंच नाही," काका म्हणाले आणि आत वळून काकींना चहा टाकायला सांगितलं.

आमच्यात तिसरा होता कळंबचा हरेश. समुद्रावर त्याच्या तीन खोल्या होत्या, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी. त्यातल्याच एका पाहुण्याने टाकून दिलेला डिजिटल कॅमेरा त्याच्याकडे होता. "पानी गेलं त्याच्यात, म्हनून टाकला," हरेश सांगायचा. "आता ह्याला कोन इचारनार? मीच." त्या कॅमेऱ्याचा अर्धा स्क्रीन काळा होता आणि डाव्या बाजूला थापट मारल्याशिवाय तो उघडत नसे. अशी आमची तीन कॅमेऱ्यांची संपत्ती. तिघांच्या कॅसेटी वेगवेगळ्या मापाच्या, एकाची दुसऱ्यात जात नसे. एकाच साखरपुड्यात आम्ही तिघांनी शूटिंग केलं, तर नवरीची साडी काकांच्या कॅसेटमध्ये जांभळी, माझ्या कॅसेटमध्ये तपकिरी आणि हरेशच्या स्क्रीनवर अर्धीच दिसायची. खरी कोणती, हे नवरीकडे जाऊन पुन्हा पाहावं लागे.

पण काकांचं खरं वेगळेपण पंच्यात नव्हतं, नियमात होतं. त्यांचा नियम एकच होता: माणूस कापायचा नाही.

एडिटिंगला ते 'छाटणी' म्हणत. शब्द वाडीतला, पण छाटायचं काय यात ते फार कडक होते. रिकामा मांडव छाटा, हललेला हात छाटा, लाइट गेल्यावरचा अंधार छाटा. पण जे माणूस कार्याला आलं, ते कॅसेटमध्ये राहणार. पंगत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पानागणिक घेत. "जेवला त्याला दिसला पाहिजे," ते म्हणत. "त्याने वेळ काढला, कपडे केले, आला. आपण कोण त्याला नाही म्हणणारे?" त्यामुळे त्यांची लग्नाची कॅसेट लग्नाहून लांब होई. एका लग्नात मांडवामागे टाकीच्या आडोशाला विडी ओढत असलेला एक गृहस्थ त्यांच्या कॅमेऱ्यात आला. विडी सोडली, असं त्याने बायकोला देवापुढे सांगितलेलं होतं. तो काकांच्या पायाशी येऊन बसला. काकांनी त्याला चहा दिला आणि कॅसेट होती तशी ठेवली. "तू होतास ना?" एवढंच त्यांनी विचारलं. त्याच्या बायकोने कॅसेट पाहिली. तो पुढे खरंच सुटला विडीतून, पण काकांशी बोलायचा नाही.

सुरुवातीची छाटणी दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून चाले. एकात चालू, दुसऱ्यात रेकॉर्ड, आणि काकांची दोन्ही हातांची तर्जनी दोन बटणांवर. त्या वेळी काकींनी मिक्सर लावला की चित्रात आडव्या रेघा येत. म्हणून रविवारी त्या घरात चटणी होत नसे. काकी पाटा घेऊन बसत आणि आम्हाला ऐकू जाईल इतक्या जोराने वाटत.

मग सन दोन हजारच्या पुढे काकांनी माझ्या सल्ल्यावरून कॉम्प्युटर घेतला. त्यावर मी एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकलं आणि आम्ही काकांच्या जुन्या कॅसेटींच्या सीडी करायला घेतल्या. सॉफ्टवेअर नमुन्यादाखल फुकट मिळालेलं होतं, त्यामुळे प्रत्येक चित्रावर त्याचं स्वतःचं नाव तिरपं उमटायचं. नवऱ्याच्या कपाळापासून नवरीच्या हनुवटीपर्यंत. लोकांना ते आवडलं. बाहेरून करून आणल्यासारखं वाटायचं.

मला त्यातल्या करामतींचं वेड लागलं होतं, हे मी कबूल करतो. पान उलटल्यासारखं चित्र उलटायचं, बदामाच्या आकारात मिटायचं, कबुतरं यायची. मी ते सगळं काकांना एका रविवारी करून दाखवलं. काकांनी शांतपणे पाहिलं. पान उलटलं तेव्हा ते पुढे वाकले.

"हे पान उलटलं, तर यातली माणसं कुठे गेली?"

"कुठे नाही. पुढचं चित्र आलं."

"मामी अजून बोलत होती."

मी ती करामत काढून टाकली आणि मामीला बोलू दिलं.

सॉफ्टवेअरशी काकांचं पहिलं भांडण नावांवरून झालं. कॉम्प्युटरमध्ये आत घेतलेल्या प्रत्येक तुकड्याला मशीन आपलं क्रमांकाचं नाव देई. काकांना ते अपमानास्पद वाटलं. मी नसताना एका आठवड्यात त्यांनी तीनशेच्या वर तुकड्यांची नावं बदलली. 'दामू हसताना', 'थोरल्या वहिनी, पदर सावरून', 'पंगत डावी बाजू', 'ओळखीचा नाही, पण जेवला'. रविवारी आम्ही काम उघडलं तर पडदा लालभडक आणि प्रत्येक तुकड्याच्या जागी एकच निरोप: फाइल सापडत नाही.

"अहो, हा काय दामू!" काका पडद्याला बोट लावून म्हणाले. "समोर बसलाय!"

मी सांगितलं की सॉफ्टवेअर त्याला जुन्या नंबराने शोधतंय. नाव बदललं की त्याच्या लेखी तो माणूस नाहीसा झाला. काकांनी पडद्यावरचं बोट काढलं. मग म्हणाले, "नाव ठेवल्यावर माणूस सापडेनासा होतो, असलं यंत्र कुणी केलं?" ते तुकडे पुन्हा जोडायला मला तीन रविवार लागले. पण नावं काकांनी बदलू दिली नाहीत. उलट तीनशे ठिकाणी मीच सॉफ्टवेअरला बोट धरून नेलं आणि सांगितलं, हा दामू.

आता निळ्या कॅसेटचं सांगतो.

काकांच्या वाडीला लागून ज्यांची वाडी, त्यांची एकुलती मुलगी जयू. जयू लहान असतानाच तिची आई गेली. वडिलांच्या विधवा बहिणीने, म्हणजे जयूच्या आत्याने, तिला वाढवलं. जयूचं लग्न ठरलं, तेव्हा कॉम्प्युटर यायचा होता, जुना मोठा कॅमेरा होता आणि तोही दमला होता. बॅटरी पाच मिनिटांत मान टाकायची, म्हणून काका तो थेट विजेवर चालवायचे. विजेचा बोर्ड होता मांडवात नवरीच्या बाजूला आणि वायर चार हात. त्यामुळे मंगलाष्टकांच्या वेळी काकांना जिथे उभं राहता आलं, तिथून नवरी दिसत होती, तिच्या मागे आत्या दिसत होती, समोर आडवा धरलेला अंतरपाट दिसत होता आणि अंतरपाटापलीकडचा नवरदेव अजिबात दिसत नव्हता.

आत्या तिथे का होती, तेही सांगतो. आत्याने जयूसाठी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. पण विधवा बाई स्टेजवर वधूवरांजवळ नको, असं कुणीतरी म्हटलं. कुणी म्हटलं ते नंतर कुणालाच आठवेना. म्हणून ती खाली, मांडवाच्या खांबाला बांधलेल्या केळीच्या खुंटाशी, माइक हातात घेऊन उभी राहिली. बोर्डाशेजारी. म्हणजे काकांच्या शेजारी.

आणि त्याच दिवशी काका पंचा विसरले. खरं तर विसरले नव्हते, उन्हाचा म्हणून डोक्याला बांधला होता आणि मग लग्नात बरा दिसत नाही म्हणून घरी ठेवून आले होते. रंग तर लावायला हवा. समोर अंतरपाट होता, पांढरा. काकांनी कॅमेरा त्यावर रोखला, बटण दाबलं आणि कॅमेऱ्याला सांगितलं, हे पांढरं. तो अंतरपाट जयूच्या आजोबांच्या लग्नापासून त्या घरात वापरात होता. इतक्या वर्षांच्या हळदीने तो चांगला पिवळा झाला होता, पण मांडवात पिवळा बल्ब होता आणि काकांना ते कळलं नाही. कॅमेऱ्याला मात्र कळलं. पिवळ्याला पांढरं मानायचं म्हटल्यावर त्याने हिशेब जुळवला आणि बाकी सगळं जग निळं करून टाकलं.

अंतरपाट बाजूला झाला, अक्षता उडाल्या, नवरदेवाने हार घालायला हात वर केले आणि पुढे धावलेल्या कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. कॅमेरा बंद. नवरदेव काकांच्या कॅसेटमध्ये दोन सेकंद आहे, तेही हाराच्या मागे.

वरपक्षाचा स्वतःचा कॅमेरावाला होता, दिवे-बिवे घेऊन वर उभा. त्याची कॅसेट छान झाली. काकांची कॅसेट जयूच्या वडिलांनी कौतुकाने व्याह्यांकडे पाठवली. तिथे सगळा गोतावळा जमवून ती लावली गेली. मांडव निळा, नवरी निळी, भटजी निळे. व्याही कॅसेट घेऊन स्वतः पापडीला आले.

"आमचा मुलगा लग्नाला होता की नव्हता?" त्यांनी विचारलं.

"होता," काका म्हणाले. "अंतरपाटाच्या पलीकडे होता."

व्याह्यांनी कॅसेट ओटीवर ठेवली आणि चहा न घेता गेले. जयूच्या वडिलांनी काकांशी बोलणं टाकलं. ते काकांना लागलं, पण दुसरी गोष्ट जास्त लागली. आलेल्या माणसाला कधी वगळलं नाही म्हणणारा हा माणूस, आणि त्याने आयुष्यात एकच माणूस वगळला, तो नेमका नवरदेव. काकांनी त्या कॅसेटवर 'नापसंत' अशी चिठ्ठी लावली आणि पत्र्याच्या ट्रंकेत टाकली. त्यानंतर लग्नाची बोलावणी येत, पण 'काका, नुसते जेवायला या हं' अशी येत. काका जात. पंगतीत बसून इकडेतिकडे बघत, कोण कोण आलंय ते.

जयू दीड वर्षात माहेरी परत आली ती कायमची. का आली, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि प्रत्येकाला वेगळं माहीत होतं. काका-काकींनी विचारलं नाही. पुढच्या वर्षी आत्या गेली, ध्यानीमनी नसताना. त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी दुपारी जयू कुंपणाच्या फटीतून आमच्याकडे आली. पुढच्या दाराने आली असती तर वडिलांना दिसली असती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॅसेट होती, वरपक्षाच्या कॅमेरावाल्याची.

"काका, मला नाशिकला नोकरी लागलीय," ती म्हणाली. "परवा जाते. एक काम होतं."

"बोल."

"यातून त्याला काढता येईल का?"

कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. लग्नाच्या कॅसेटमधून नवरा काढायचा होता. मी हरेशकडे पाहिलं, हरेशने त्याच्या कॅमेऱ्याकडे.

"अगं, तो होता तिथे," काका हळू म्हणाले. "होता त्याला नव्हता कसं म्हणू?"

"तो नव्हता असं नकोच आहे मला," जयू म्हणाली. "मला आत्या हवीय. तिचा दुसरा कुठेच आवाज नाही. ती माझ्यासाठी म्हणतेय ते ऐकायला मी कॅसेट लावते, आणि मला पूर्ण वेळ त्याचं तोंड बघावं लागतं. डोळे मिटून ऐकते मी, काका. दर वेळी डोळे मिटून."

 काकांनी उठून व्हीसीआरचं झाकण उघडलं आणि पोस्टकार्डाच्या कडेने हेड पुसायला घेतलं. त्यांचा होकार असाच असे.

आम्ही कॅसेट लावली. ती म्हणाली तसंच होतं. आवाज आत्याचा आणि टीव्हीभर नवरदेव, मुंडावळ्यांसकट. आत्या एकदाही दिसत नव्हती. मला सॉफ्टवेअरचा अभिमान होता, म्हणून मी म्हटलं, बघतो. हरेश म्हणाला, "त्याच्या थोबाडावर गुलाब ठेव ना एक." सॉफ्टवेअरमध्ये गुलाब होता. मी तो नवरदेवाच्या चेहऱ्यावर ठेवला. नवरदेव हलला, गुलाब हलला नाही, कान बाहेर आला. मी गुलाब मोठा केला. आता मुंडावळ्या लोंबणारा एक प्रचंड गुलाब पाटावर उभा होता. तेवढ्यात खालून एक हात वर आला, हातात रुमाल होता आणि त्या हाताने गुलाबाचा घाम पुसला.

आम्ही कुणीच हसलो नाही. आज सांगताना मलाही ते खरं वाटत नाही, पण जयू ज्या तऱ्हेने पडद्याकडे बघत होती, ते पाहून कुणाला हसू येणं शक्य नव्हतं. तिने वर्तमानपत्राची घडी पुन्हा उलगडली, कॅसेट गुंडाळण्यासाठी.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून काकी म्हणाल्या, "आणि तुमची ती निळी कॅसेट काय झाली?"

 काकांचा चेहरा मी कधी इतका उतरलेला पाहिला नव्हता. जयूच्या लक्षात आलं नाही, पण माझ्या आलं. काका नापसंत कॅसेटी फुकट घालवत नसत. त्यांच्यावर ते वाडीतली कामं उतरवून घेत. पंप बिघडला की तो खोलताना शूटिंग करायचं, म्हणजे परत जोडताना कुठला नट कुठे ते दिसतं, ही त्यांची पद्धत. जपानी पुस्तकावरूनच सुचलेली असावी.

ट्रंक उघडली. कॅसेट मिळाली. तिच्यावर दोन चिठ्ठ्या होत्या. जुनी 'नापसंत' आणि तिच्याखाली नवी, 'पंप'.

"किती वेळ चालला होता पंप?" मी विचारलं.

"आठवत नाही," काका म्हणाले. "वॉशर सापडत नव्हता."

कॅसेट लावली. आधी पंचा आला. मग पंप आला. विहिरीच्या काठावर गोणपाटावर पंपाचे भाग एकेक मांडले जात होते, आणि काकांचा आवाज सांगत होता, हा लहान, हा मोठा, हा उलटा बसतो. नट, बोल्ट, पुन्हा नट. काकी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. जयू जमिनीवर बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून. हरेश पुटपुटत होता, "बास ना, जोडा आता." पंप काही जोडला जाईना. मी घड्याळाकडे पाहत होतो आणि मनात मंगलाष्टकं मोजत होतो. पहिलं भटजींचं, ते गेलं असणार. दुसरं तिच्या मामांचं, तेही गेलं. आत्याचं शेवटचं होतं. काकांनी दोन्ही हातांत स्वतःचा पंचा धरला होता आणि पिळत होते, ओला नसताना.

पडद्यावर काकांचा आवाज म्हणाला, "सापडला वॉशर," आणि चित्र फाटलं. पांढऱ्या मुंग्या आल्या. मुंग्यांतून एक निळा मांडव उभा राहिला.

निळी जयू, हातात निळा हार, मान खाली. समोर अंतरपाट, त्या सगळ्या निळ्यात एकटा शुभ्र. आणि केळीच्या खुंटाला टेकून, माइक दोन्ही हातांत घट्ट धरून, आत्या. तिचं मंगलाष्टक नुकतंच सुरू होत होतं. काकांच्या एवढ्या जवळ ती उभी होती, की तिच्या गळ्याची शीर हलताना दिसत होती. म्हणताना ती जयूच्या पाठीकडे पाहत होती. मध्येच तिचा आवाज अडला आणि पुढची ओळ तिने जास्त जोरात म्हटली. जयू उठून टीव्हीजवळ गेली आणि काचेवर तळवा ठेवून उभी राहिली. तिला कुणी मागे हो म्हटलं नाही.

नंतरचं काम सरळ होतं, म्हणजे आमच्याकडे जितकं सरळ असू शकतं तितकं. व्हीसीआरमधून हरेशच्या कॅमेऱ्यात, थापट मारून, आणि तिथून कॉम्प्युटरमध्ये. आता रंग. सॉफ्टवेअरमध्ये एक ड्रॉपरसारखी खूण होती. चित्रात जे खरोखर पांढरं असेल, त्यावर ती टेकवायची, मग बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. म्हणजे काकांचा पंचाच, फक्त उशिरा. पण टेकवायची कशावर? पांढरा दिसत होता तो अंतरपाट, आणि तो तर पिवळा. फुलं झेंडूची. भटजींचं सोवळं लाल. मी खूण पडद्यावर फिरवत राहिलो.

"आत्याच्या पातळावर ठेव," काका म्हणाले.

ते निळं दिसत होतं. मी त्याच्यावर खूण टेकवली. पातळ पांढरं झालं, आणि त्याबरोबर जयूचा शालू हिरवा झाला, हळद पिवळी झाली, केळीचं पान पानासारखं झालं. काकी म्हणाल्या, "हां, असाच होता शालू." तीन-चार वर्षांनी मांडवाला त्याचा रंग मिळाला, तो जिला वर येऊ नको म्हटलं, तिच्या पांढऱ्या पातळामुळे. मी उगाच वायर तपासत राहिलो.

आता राहिले ते शेवटचे दोन सेकंद. अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात आणि हार घेतलेला नवरदेव दिसतो. मी म्हटलं, कापतो. काकांनी माझ्या हातातून माउस घेतला. ते स्वतः कधी कापत नसत, मला सांगत. आज ते खुर्चीत पुढे सरकून बसले आणि एकेक चित्र मागे-पुढे करू लागले. भटजींचा हात अंतरपाटावर. बोटं आवळलेली. बोटं सैल. पुन्हा मागे, आवळलेली. किती तरी वेळ ते तिथेच घुटमळत होते.

"माझ्याकडे दोनच सेकंद आहे तो," ते म्हणाले. "तेही घ्यायचे?"

  जयू काकांकडे पाहत होती, आणि मला वाटतं, त्या क्षणी ती 'राहू दे' म्हणाली असती तरी काकांना ते पटलं असतं.

काकांनी बोटं सैल होण्याआधीच्या चित्रावर थांबून बटण दाबलं. पुढचं सगळं गेलं. मग त्यांनी व्हीसीआरमधून मूळ कॅसेट काढली, तिच्यावरची 'नापसंत' चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि कॅसेट ट्रंकेत जपून ठेवली. "तो यात आहे," ते आमच्यापैकी कुणाकडेही न पाहता म्हणाले. "राहील."

सीडी झाली. आम्ही ती लावून पाहिली. जयूच्या सांगण्यावरून पंप तसाच ठेवला होता. काकांचा आवाज राहू दे, म्हणाली. पंप, वॉशर, मुंग्या, मग मांडव. आत्याने शेवटची ओळ संपवली, माइक खाली केला, डोळे पुसले आणि मूठभर अक्षता घेऊन जयूकडे पाहत राहिली, टाकायच्या तयारीत. तिथे चित्र थांबलं.

"इथेच संपतं?" जयूने विचारलं.

"इथेच."

"मग तुमचा नियम मोडला, काका. माणूस कापलात."

"नाही," काका म्हणाले. "कापलं कुठे? तो अजून आलेलाच नाही."

जयू हसली. आत्या गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, पुन्हा एकदा लावा. आम्ही पुन्हा लावली, पंपापासून.